सायराकानचं पिंप

तोसोर, १२ नोव्हेंबर १९७९

माझ्या म्हातारीला शेरगाझीचा सलाम.

तुझी तार मिळाली. "पोचले, थंडी आहे" एवढंच लिहिलंस. नोवोसिबिर्स्कला थंडी असते हे मलाही ठाऊक आहे. बुरुल कशी आहे ते लिहायचं होतंस. तिला म्हणावं, पोटात लेकरू असताना बर्फात चालत कामावर जाऊ नकोस. जावईबापूंना म्हणावं, जरा घरात लक्ष घाला.

इकडे सगळं झकास. गाय दूध देते, कुत्रा भुंकतो, मी जेवतो. तळ्यावर सकाळी वाफ उठायला लागली, म्हणजे हिवाळा आलाच.

आता एक सांगतो, पण हसू नकोस. परवा मुसाकुनच्या घरी हिवाळ्यातल्या बोझोच्या बैठकीच्या पाळ्या ठरल्या: एकेका घरानं वरीची बोझो गाळायची, बाकीच्यांनी प्यायला जायचं. तीच दरवर्षीची सात घरं. माझं नाव आलं तेव्हा सापार म्हणाला, "शेरगाझीचं घर यंदा सोडू या, वहिनी नाहीत." पण मुसाकुनला गप्प बसवतंय का! म्हणाला, "वहिनी गेल्या म्हणजे त्या घरात पाणीसुद्धा उकळायचं विसरतं."

मी म्हटलं, "का रे? मला काय हात नाहीत?"

"हात आहेत, पण ते डिझेलमध्ये मुरलेत. तुझी बोझो प्यायलो तर माझा ट्रॅक्टर होईल!"

सगळे खो खो हसले. त्याची बायको बातमासुद्धा दाराआडून हसली, ते मला ऐकू आलं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "जानेवारीतली शेवटची पाळी माझी. बोझो मी करणार, एकटा."

आता मागे फिरता येत नाही. बिघडली तर काय होतं तुला माहीत आहे. सापारच्या घरची एकदा आंबली, तर अजून त्याचा घोडा दिसला तरी पोरं ते टिंगलीचं गाणं म्हणतात.

वरीचं पीठ कसं शिजवायचं, मोड आणलेल्या गव्हाचं पीठ त्यात कधी घालायचं, हे चुलीपाशी बसून आयुष्यभर पाहिलंय. पण पिंप धुताना तू मला कायम बाहेर हाकलायचीस. काल कोठीत जाऊन झाकण काढलं. वास आला. कसला ते कळेना. तर पिंप कसं धुवायचं ते नीट लिही. तोवर मी सुरुवात करतो.

शेरगाझी

*

नोवोसिबिर्स्क, २४ नोव्हेंबर

बुरुलच्या बाबांना सायराकानचा सलाम.

हसू नकोस म्हणालात, पण बुरुल आणि मी पोट धरून हसलो. तिला तर मी शेवटी म्हटलं, पुरे ग, इथंच बाळंत होशील. बुरुल छान आहे. नवव्या मजल्यावर राहतात. खिडकीतून खाली पाहिलं की माणसं मुंग्यांसारखी दिसतात, आणि एकही मुंगी मान वर करून सलाम करत नाही.

"तोवर मी सुरुवात करतो" हे तुमचं वाक्य वाचलं आणि मी लगेच कागद घेऊन बसले. सुरुवात करू नका! आधी वाचा.

पिंपाला साबण लावायचा नाही. कपड्यांची पावडर नाही, सोडा नाही, तुमच्या गॅरेजमधलं तर काही म्हणजे काहीच नाही. लाकूड सगळं पिऊन टाकतं आणि मग बोझोला परत देतं. आधी चिय गवताचा कुंचा घेऊन गरम पाण्यानं आतून घासा. जुनी बोझो खळीसारखी चिकटून बसते, ती निघेपर्यंत घासा. मग डोंगरातून आर्चाच्या झुडपाच्या हिरव्या, वासाच्या फांद्या आणा, मोठ्या कढईत उकळा. पाणी चहासारखं झालं की उकळतं असतानाच पिंपात ओता, वरून लोकरीचा जाड नमदा टाका आणि वाफ आतच कोंडू द्या. पाणी निवलं की ओतून टाका आणि पिंप दोन काठ्यांवर पालथं घालून उन्हात ठेवा. गाळायची पिशवी राखेच्या पाण्यात उकळा, पाणी नितळ निघेपर्यंत पिळा आणि बाहेर दोरीवर टाका.

आणि शेवटी डोकं आत घालून वास घ्या. ओल्या लाकडाचा आणि डोंगराचा वास आला पाहिजे. दुसरा कसलाही आला तर पुन्हा पहिल्यापासून.

जेवता म्हणालात. काय जेवता ते नाही लिहिलंत.

सायराकान

*

तोसोर, ५ डिसेंबर

माझ्या म्हातारीला सलाम.

तुझं पत्र जरा उशिरा आलं. तसं काही विशेष नाही, पण पिंप मी आधीच धुतलं होतं. अगदी लख्ख. इंजिनाची टाकी जशी मी धुतो तसं. गावात एवढं लख्ख पिंप कुणाचं नसेल.

मग म्हटलं, पाळीच्या आधी एकदा करून पाहावी. थोडीशीच केली. रंग उत्तम आला. फेसही भरपूर आला, तुझ्या बोझोला येतो त्यापेक्षा जास्तच. वास जरा वेगळा होता, पण वाईट म्हणता येणार नाही, स्वच्छ असा वास. मुसाकुनला एक वाडगा दिला. तो प्यायला, डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "शेरगाझी, माझ्या पोटातले सगळे कपडे धुवून निघाले. आता वाळत कुठं घालू?"

त्याला काय कळतंय. तरी विषय निघालाच म्हणून विचारतो: लाकडानं समजा चुकून थोडीशी पावडर प्यायली असेल, तर ती काढायची कशी? असंच, माहिती म्हणून.

जेवतो काय म्हणतेस? सगळं. परवा मांस शिजवलं होतं.

बुरुलचं काय झालं? पोस्टमन रोज येतो आणि रोज रिकाम्या हातानं जातो.

शेरगाझी

*

नोवोसिबिर्स्क, १७ डिसेंबर

आजोबांना सलाम!

हो, आजोबा. मंगळवारी सकाळी मुलगी झाली. भरपूर केस, चपटं नाक आणि रागावली की भुवया अगदी तुमच्यासारख्या जुळतात. बुरुल ठणठणीत आहे. आपला जावई साबिर, एवढा मोठा इंजिनिअर, दवाखान्याच्या खिडकीखाली बर्फात उभा राहून रडत होता. नाव तुम्ही ठेवायचं असं दोघांनी ठरवलंय. लवकर कळवा, तोवर आम्ही तिला "ए बाई" म्हणतो.

आता तुमच्या "असंच, माहिती म्हणून"चं. मला माहीत होतं! पावडरच घातलीत ना? किती? मूठभर नाही, मी ओळखून आहे, अख्खा डबा. तर आता ऐका. पिंप काठोकाठ कोमट पाण्यानं भरा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी ओता, पुन्हा भरा. पाण्यावर बोट फिरवल्यावर बोट बुळबुळीत लागायचं थांबलं की मग आर्चाचं उकळतं पाणी, एकदा नाही, दोनदा. मग बाहेर कडक थंडीत आणि उन्हात राहू द्या. तळाशी पट्ट्याजवळ जी खाच आहे तिथं कुंचा पोचत नाही, तिथं हात घालून चाचपा. चिकट लागलं तर नखानं काढा.

बुरुल म्हणते, आई, मे महिन्यापर्यंत राहा. साबिर म्हणतो, मे कशाला, कायमच्याच राहा, खोली आहे. त्यानं तिची कामावर जायची सोय होईल असं बुरुल म्हणत नाही, पण तिच्या डोळ्यांत दिसतं. मी अजून काही बोलले नाही. तुमचं तिकडे छानच चाललेलं दिसतं. मांस काय शिजवता, फेस काय काढता! मग मी राहू का?

सायराकान

*

तोसोर, ३० डिसेंबर

आजीबाईंना आजोबांचा सलाम.

पत्र वाचलं आणि तसाच, टोपी न घालता, अख्ख्या गल्लीत सांगत सुटलो. नाव बेगिमाय ठेवा. माझ्या आईच्या आईचं होतं. ती घोड्यावर बसून खिंड ओलांडायची. आपलीही ओलांडेल.

पिंपाचं सांगतो. तू सांगितलंस तसं पाणी भरत आणि ओतत राहिलो. बोटाला बुळबुळीत लागायचं थांबलं. आर्चा आणायला वर गेलो, दोन गाठोडी आणली, दोनदा उकळली. सगळ्या अंगणाला डोंगराचा वास येत होता. मग तळाच्या खाचेत हात घालायचा होता. हात पोचेना. पिंप आडवं केलं आणि खांद्यापर्यंत आत गेलो. खाच सापडली, घाणही सापडली, नखानं काढली. मग बाहेर यायला लागलो तर येता येईना. अंगात तू विणलेला जाड स्वेटर होता, तो वर गोळा झाला आणि काखेत पाचर बसली.

ओरडलो. पिंपात ओरडलं की आवाज आपल्याच कानात फिरतो, बाहेर जात नाही असं दिसतं. शेवटी मुसाकुन आला. आधी पिंपाभोवती त्याच्या बुटांची एक फेरी ऐकू आली. मग पिंपावर टकटक करून म्हणाला, "कोण आहे घरात?"

"ओढ, गाढवा!"

"आधी सांग, कुठला पाय ओढू? डावा की उजवा?"

"मुसाकुन, बाहेर आलो की तुला सोडणार नाही."

"मग मी कशाला ओढू?"

शेवटी बातमा आली, तिनं त्याला शिव्या घातल्या आणि दोघांनी मिळून ओढलं. स्वेटर आतच राहिला. मी बनियनवर बर्फात बसलो होतो आणि आम्ही तिघंही हसून हसून रडत होतो. मग मुसाकुननं बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, "सरक, माझे हात लांब आहेत." उरलेली खाच त्यानं साफ केली. एवढा चांगला वागला की मला भीतीच वाटली.

एवढं करून पुन्हा थोडी बोझो घातली. साबणाचा वास अजिबात नाही! पण दोन दिवसांत आंबट झाली. दही नव्हे, व्हिनेगर. कुठून येतंय कळत नाही. पिंप चाटून पाहावं इतकं स्वच्छ आहे. चाटूनही पाहिलं.

राहण्याचं म्हणशील तर राहा की खुशाल. बुरुलला गरज आहे. इथं काय, माझं सगळं नीट चाललंय. माझी काळजी करू नकोस.

शेरगाझी

*

तोसोर, २ जानेवारी १९८०

सायराकान वहिनींना मुसाकुनचा सलाम, आणि नातीचं अभिनंदन.

वहिनी, मी पत्रं लिहिणारा माणूस नाही. बातमा शेजारी बसून लिहायला लावते आहे, म्हणून चुका झाल्या तर तिच्या.

शेरगाझीनं तुम्हाला "राहा खुशाल" असं लिहिलंय. मला माहीत आहे, कारण पत्र टाकून तो माझ्याकडे आला आणि सांगून टाकलं. मग चहा घ्यायला बसला, अर्धा प्याला प्यायला आणि एकदम उठून पळाला. पोस्टमन तोवर घोड्यावर बसून गावाबाहेर पडला होता. हा बाबा बर्फातून त्याच्या मागे, "थांब! माझं पत्र दे परत!" करत. पोस्टमन म्हणाला, पिशवीत पडलेलं पत्र सरकारचं, तुझं नाही. शेरगाझीनं घोड्याचा लगाम धरला. त्यानं लगाम सोडवला. मग आपले राव गुडघाभर बर्फात उभे. मी जाऊन आणलं.

मांस शिजवतो हे खोटं. नान आणि चहा, चहा आणि नान. आमच्याकडे बोलावलं तर "घरी केलंय" म्हणतो. परवा बातमा न सांगता गेली तर जेवणाच्या दस्तरखानवर दोन वाडगे मांडलेले. तिला म्हणाला, पाहुणा येणार होता.

मी हे लिहिलं असं त्याला सांगू नका. मी त्याची टिंगल करतो तेच बरं आहे. त्याला त्याची सवय आहे, त्यानं तब्येत टिकते.

मुसाकुन

(बातमाकडून: वहिनी, सगळं खरं आहे. चुका याच्याच.)

*

नोवोसिबिर्स्क, ११ जानेवारी

बुरुलच्या बाबांना सलाम.

तुमचं पत्र पोचलं. बेगिमाय नाव सगळ्यांना आवडलं. साबिर घरभर तेच म्हणत फिरतो.

आधी आंबटाचं. मला एक सांगा, तोटी उघडलीत का? पिंपाच्या खाली जी लाकडी तोटी आहे ती. बाहेरून पुसलीत असं म्हणू नका. ती उघडते. आतली खुंटी डावीकडे फिरवून जोरात ओढा, निघते. आयुष्यभर लोकांची इंजिनं सुटी केलीत आणि घरातली एक तोटी उघडते हे तुम्हाला माहीत नाही, कारण मी धुताना तुम्हाला बाहेर हाकलत होते. तेवढी चूक माझी. खुंटी आणि तोटी दोन्ही आर्चाच्या पाण्यात चांगली उकळा. ढवळायच्या लाकडाला चीर गेली असेल तर ते चुलीत घाला आणि नवं कापा.

आणि आता दुसरं. मी येते आहे. बुरुलची सासू येत्या आठवड्यात इथं येणार आहे, तेव्हा लेकराला बघायला माणूस आहे. तुमच्या पाळीला, म्हणजे सव्वीस तारखेला, मी दुपारपर्यंत पोचेन.

पण नीट ऐका. मी बोझो करणार नाही. चव बघणार नाही. कढईजवळ फिरकणार नाही. मी पाहुणी म्हणून येणार आहे आणि पाहुणीसारखी मानाच्या जागेवर बसणार आहे. इतकी वर्षं त्या बैठकीचं हसणं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. एकदा तिथं बसून ऐकायचं आहे. बातमाला सांगा, सगळ्याच बायकांना सांगा. साती घरांच्या. त्याही पाहुण्या.

सायराकान

*

तार. तोसोर, १९ जानेवारी

तोटी उघडली. आत काय होतं ते तारेत लिहिता येत नाही. उकळली. आज पीठ शिजवतो. सगळ्या बायका येणार म्हणतात. मुसाकुन घाबरलाय. मी पण. लवकर ये. शेरगाझी

*

तोसोर, २९ जानेवारी

माझ्या बुरुलला, जावईबापूंना आणि बेगिमायला आईचा मुका.

मी सुखरूप पोचले. बस खिंडीत अडकली होती, म्हणून दुपारऐवजी दिवस कलताना पोचले. फाटकाशी तुझे बाबा उभे होते. दाढी केलेली, कोट चढवलेला, कोटावरून माझा स्वयंपाकाचा एप्रन बांधलेला. मला पाहिलं आणि म्हणाले, "पाय पुसून ये. घर झाडलंय."

आत गेले तर सगळे जमलेले. बायका वरच्या बाजूला, मानाच्या जागी, नव्या रुमालात, पाठी ताठ. पुरुष दारापाशी, एकमेकांना खेटून. मला मधोमध बसवलं. मुसाकुन तळलेल्या बोरसोकची थाळी घेऊन आला आणि थाळी आधी स्वतःच्या बायकोपुढे धरू की माझ्यापुढे, या विचारात मध्येच उभा राहिला. बातमा म्हणाली, "चाल रे पुढे, पाहुण्यांना भूक लागलीय!" मग काय, सगळ्या सुटल्या. एकीला चहा आणखी गरम हवा, एकीला उशी हवी. सापारची बायको म्हणाली, "आमच्याकडे वाढायला आलेले मुलगे फार हळू आहेत." सापारचं वय सत्तरीच्या पलीकडे आहे.

मी चुलीकडे पाहिलं नाही, बुरुल. शपथ घेऊन सांगते. हात मांडीवर दाबून ठेवले होते.

मग तुझ्या बाबांनी पहिला वाडगा भरला. तोटीतून ती घट्टसर, पिवळसर धार पडताना सगळे पुढे झुकले. वाडगा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. थोडी माझ्या बाहीवर सांडली. मी वास घेतला. मग प्यायले. घाई केली नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडे होत्या. मुसाकुन तर ओठ हलवत होता, गाण्याची पहिली ओळ जुळवत असावा.

मी वाडगा संपवला आणि रिकामा पुढे केला. म्हटलं, "भरा."

काय गलका झाला म्हणून सांगू! सापारनं टोपी उडवली, ती दिव्याच्या काचेवर जाऊन बसली. मुसाकुन उठून तुझ्या बाबांच्या गळ्यात पडला आणि म्हणाला, "माझं गाणं फुकट गेलं रे, अर्धं तयार होतं!" मग तेच गाणं उलटं फिरवून त्यानं त्यांच्या कौतुकाचं केलं, पिंपात अडकलेल्या माणसाचं. सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. मी इतकी हसले की माझ्या कुशीत कळ आली. पुरुष इतकी वर्षं तिथं कशाला हसत होते ते आता कळलं. तसं फार काही नसतं ग. पण बसून हसण्यात मजा आहे.

निघताना बातमानं सगळ्यांसमोर जाहीर केलं की पुढची पाळी तिच्या घरची आणि पिंप मुसाकुन धुणार. मुसाकुन म्हणाला, "तोटी उघडते का ग आपली?" ती म्हणाली, "तेच तर तू शोधायचं."

सगळे गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. तुझे बाबा माझ्यासमोर बसले. म्हणाले, "खरं सांग. बरी होती?"

म्हटलं, "माझ्यापेक्षा पातळ होती. पण एक घोटही आंबट नव्हता."

त्यांनी रिकामा वाडगा उपडा करून ठेवला. मग खाली मान घालून म्हणाले, "सायरा, ते मी राहा खुशाल लिहिलं ना. राहू नकोस. मला इथं एकट्याला काही जमत नाही. म्हणजे जमतं सगळं, पिंपसुद्धा जमलं. पण करमत नाही."

बुरुल, लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं माझ्याकडे मीठसुद्धा कधी सरळ मागितलं नव्हतं. "जेवणात काहीतरी कमी आहे" असं म्हणायचा आणि मी ओळखायचं. मग मी म्हटलं, "बघू. आता ही भांडी कोण धुतं त्यावर ठरवते."

तुझे बाबा उठले. कुंचा शोधला, पाणी तापत ठेवलं, तोटीची खुंटी डावीकडे फिरवून काढली आणि पिंप ढकलत अंगणात नेलं. पुन्हा अडकायला नको म्हणून जाता जाता तो विणलेला स्वेटर काढून माझ्या हातात दिला.

बाळा, मी आता मेपर्यंत राहायला परत येत नाही. तुम्हीच या, जूनमध्ये, तळं तापलं की. बेगिमायला घेऊन या. तिच्यासाठी पाळणा तुझे बाबा आजच दुरुस्त करायला बसलेत. सगळा सुटा करून अंगणभर पसरलाय, आणि मुसाकुन दाराशी उभा राहून विचारतोय, याचा ट्रॅक्टर करतोस की काय.

तुझी आई